होडी आणि होरी

सातवीत असताना मराठीच्या तासाला बाईंनी मला धडा वाचायला उभं केलं. धड्यात 'होडी' हा शब्द तीनदा आला आणि तिन्ही वेळा मी 'होरी' वाचलं. वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्या जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "जीभ टाळूला लाव आणि मग सोड. डी. म्हण." मी म्हटलं. शाळेतून घरी येताना माजिवड्याच्या नाक्यापासून आमच्या गावापर्यंत मी तेवढं एकच अक्षर म्हणत आले.

आमचं गाव ठाण्याच्या खाडीकाठी. वडिलांची स्वतःची होडी होती. तिच्यातच आम्ही भावंडं लहानाची मोठी झालो, पण तिचं खरं नाव मला त्या दिवशी कळलं असं वाटलं. संध्याकाळी मी वडिलांना सांगायला गेले, "बाबा, होडीत पाणी साचलंय." ते जाळं बाजूला ठेवून माझ्याकडे बघत राहिले. मग आईला हाक मारून म्हणाले, "बघ गं, शालेतली बाई आयली आपले घरान." सगळे हसले. मीही हसले. पण त्यानंतर मला दोन जिभा झाल्या. घरात एक, बाहेर एक. आणि कुठली कधी बाहेर पडेल याची धाकधूक कायमची मागे लागली.

बी.ए. झाल्यावर मला खोपटला, एस.टी. डेपोच्या मागच्या गल्लीत एका छापखान्यात प्रूफं तपासायची नोकरी लागली. ते सत्त्याऐंशी साल असेल. दिवसभर लाल पेन घेऊन बसायचं आणि दुसऱ्यांच्या चुका पकडायच्या. ऱ्हस्व, दीर्घ, न आणि ण, ल आणि ळ. आमच्या बोलीत ण नाही, ळ नाही, आणि ड चा बहुतेक ठिकाणी र होतो. त्यामुळे नेमकी हीच अक्षरं मी डोळ्यांत तेल घालून बघायचे. मालक म्हणायचे, "हिच्या हातून एक ण सुटत नाही." मला ते ऐकून आनंद व्हायचा आणि पाठोपाठ कसंतरीच व्हायचं.

डोंबिवलीच्या एका जुन्या वाचनालयाची स्मरणिका आमच्याकडे छापायला आली. संपादक निवृत्त मुख्याध्यापक होते. पांढराशुभ्र सदरा, बोलणं अगदी पुस्तकी. प्रूफं घ्यायला यायचे, तेव्हा माझ्याशी दोन शब्द बोलायचे. एकदा त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे लग्नात बायका गाणी म्हणतात ना? धवळे? आम्हाला लोकगीतांचा एक विभाग करायचाय. कुणी म्हणणारं आहे तुमच्या माहितीत?"

माझी सख्खी आत्याच धवलारीण होती. आमच्यात पूर्वी लग्न लावायचं ते धवलारणीनं, गाणी म्हणत. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं वेगळं, आणि तिनं सुरुवात केल्याशिवाय कुणी हळदीला हात लावायचा नाही. आत्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण आजूबाजूच्या सात-आठ गावांत तिच्याशिवाय लग्न होत नसे.

मी रविवारी वही घेऊन तिच्याकडे गेले. ती ओटीवर सुकट निवडत होती. मी म्हटलं, "आत्या, तुजे धवले पुस्तकान छापायचे हाईत. बोल, मी लिवतं."

तिनं मान वर केली नाही. "आता? इथं?"

"हां."

"रिकामे घरान धवला नाय बोलत," ती म्हणाली. "नवरी समोर पायजे, हलद पायजे. मंग तोंडान येतं."

मी खूप गळ घातली. तिनं दोन ओळी म्हटल्या आणि थांबली. पुढचं खरोखरच तिला आठवेना. शेवटी मीच पंधरा दिवसांनी शेजारच्या गावात तिच्यासोबत एका लग्नाला गेले आणि मांडवाच्या कोपऱ्यात बसून लिहून घेतलं. त्यातल्या या दोन ओळी मला तेव्हाच फार आवडल्या:

खारीचे पान्यान हालते होरी,
घराचे दारान लाजते गोरी.

नवरी काही गोरी नव्हती. उन्हात मासळी विकून रापलेली, माझ्यासारखीच. पण आत्यानं म्हटलं आणि त्या क्षणी सगळ्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती खरंच उजळ दिसायला लागली.

घरी येऊन मी वही उघडली आणि लाल पेन घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. हातच तसा झाला होता. 'खारी'चं खाडी केलं, 'पान्यान'चं पाण्यात केलं, 'होरी'चं होडी केलं. आणि मग अडले. होडी आणि गोरी जुळेना. बराच वेळ पेन दातात धरून बसले. शेवटी लिहिलं:

खाडीच्या पाण्यात हलते होडी,
घराच्या दारात लाजते थोडी.

मला ते छान जमलं असं वाटलं, हे कबूल करायला हवं. संपादकांनाही फार आवडलं. "वा! भाव तोच, आणि वाचकाला कुठे ठेच लागत नाही," असं म्हणाले. अशी सहा गाणी मी त्यांना दिली.

स्मरणिकेच्या प्रकाशनाला डोंबिवलीच्या एका सभागृहात कार्यक्रम ठेवला होता. 'संकलन' म्हणून माझं नाव छापलं होतं. मी आत्यालाही घेऊन गेले. तिनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि अंबाड्यात अबोलीची वेणी माळली होती. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. भाषणं झाली. मग गाणं शिकलेली एक मुलगी पेटीवर बसली आणि आत्याचा धवळा म्हणू लागली. आवाज गोड होता. तिनं शब्द संथ, लांबवत म्हटले, 'थोडी'वर एक छोटीशी तान घेतली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी आत्याकडे पाहिलं. तीही टाळ्या वाजवत होती.

आत्याला लोकलची गर्दी सोसायची नाही, म्हणून कल्याणला जाऊन तिथून ठाण्याच्या एस.टी.त बसलो, तेव्हा मी विचारलं, "कसा वाटला?"

"चांगली गायली बाय ती," आत्या म्हणाली. "पन कनाचा होता गं ता गाना?"

मला वाटलं ती टोमणा मारतेय. पण ती खरंच विचारत होती. तिनं ते गाणं ओळखलंच नव्हतं. मी सांगितलं, तुझंच होतं. मग दोन्ही ओळी आधी तिच्या म्हणून दाखवल्या, मग माझ्या. ती मन लावून ऐकत होती.

"आनि गोरी कुठं गेली?" तिनं विचारलं.

"जुलत नव्हतं. म्हनून काढली."

"नवरीच काढली?" ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. रागावली नव्हती. तिला बहुधा मी काय केलं ते नीट कळलंच नाही. मला मात्र कळलं. खोपट येईपर्यंत मला बसवेना. उतरताना स्मरणिकेच्या दोन प्रती पिशवीत होत्या, त्यांचं काय करावं ते सुचेना. घरी कपाटात कपड्यांखाली ठेवल्या.

पुढचे काही महिने कामात लक्ष लागेना. प्रुफात 'पानी' दिसलं की पेन आपोआप खाली जायचं आणि मध्येच थांबायचं. दोनदा चुका सुटल्या, मालकांनी बोलून दाखवलं. मी संपादकांकडेही गेले. म्हटलं, "सर, ती गाणी जशी म्हटली जातात तशी पुन्हा छापता येतील का?" ते सौम्यपणे म्हणाले, "अहो, पण मग ते अशुद्ध नाही का होणार? मुलं वाचतात." मी मान डोलावून परत आले. कारण कालपर्यंत मीही तेच म्हणाले असते.

मग मी सुट्टीच्या दिवशी आत्याबरोबर लग्नांना जायला लागले. या वेळी जसं कानावर पडेल तसं लिहायचं ठरवलं. पण तेही सोपं नव्हतं. एकच गाणं ती प्रत्येक लग्नात वेगळं म्हणायची. नवरीचा भाऊ वागळे इस्टेटमध्ये कंपनीत लागला असेल, तर गाण्यात कंपनीचा भोंगा यायचा. नवरा रिक्षा चालवत असेल तर होरीच्या जागी रिक्षा. मी वैतागून म्हटलं, "आत्या, यातला खरा गाना कंचा?"

"नवरी बदलली त गाना बदलनारच नं?" ती म्हणाली. जणू मी काहीतरी खुळचट विचारलं होतं.

ती वर्षं घाईची होती. गावाभोवती इमारती उठत होत्या, जमिनी जात होत्या, लग्नं हॉलमध्ये व्हायला लागली होती. मुलाकडचे म्हणायचे, भटजी आहेत, मुहूर्त गाठायचाय, आजींना सांगा पाच मिनिटांत आटपा. एकदा तर बेंजोवाले वाजवत राहिले आणि आत्या तशीच त्यांच्या गोंगाटात म्हणत राहिली. ओठ हलताना दिसत होते. माझ्या वहीत त्या दिवशी एक शब्द उतरला नाही.

माझं लग्न ठरलं ते डोंबिवलीत, कोकणातल्या एका कुटुंबात. हॉल, भटजी, सगळं त्यांच्या पद्धतीनं. मी एवढंच मागितलं की हळद आमच्या घरी, आत्याच्या हातून. दुपारी अंगणात पाटावर बसवलं. आत्यानं माझा हात हातात घेतला. माझ्या बोटांना छापखान्याची शाई कायमची लागलेली, घासून निघायची नाही. तिनं ती बोटं वर उचलून सगळ्या बायकांना दाखवली आणि म्हणायला सुरुवात केली:

काले शायीचे हाताला लावा हलद पिवली,
बाय माजी छापखान्याची सावली.

बायका हसत हसत मागे म्हणायला लागल्या. मला रडू फुटलं. इतकी वर्षं वही घेऊन कोपऱ्यात बसलेली मी, पहिल्यांदाच त्या गाण्याच्या आत बसले होते. लिहून घ्यायला अर्थातच हात मोकळे नव्हते.

लग्नानंतर सासरी माझी बाहेरची जीभ दिवसभर लागायची. नोकरी चालूच होती. छापखान्यात कॉम्प्युटर आला आणि मालकांनी सांगितलं, तुझी ती गाणी हवी तर छाप, कागद तू आण. मी बोलीतलीच अकरा गाणी निवडली. टाइप करणाऱ्या मुलानं पहिलं प्रूफ दिलं ते पाहून मी कपाळाला हात लावला. त्यानं सगळी शुद्ध केली होती. होडी, हळद, पाणी. "मॅडम, खूप मिश्टेक होत्या, सगळ्या काढल्या," तो अभिमानानं म्हणाला. मी लाल पेन घेऊन एकेक ड चा र केला, एकेक ळ चा ल केला. तीन प्रूफं लागली. तो शेवटपर्यंत माझ्याकडे संशयानं बघत होता.

पुस्तिका घेऊन मी माहेरी गेले. आत्याचं म्हणणं तोवर बंद झालं होतं, दोन ओळींत दम लागायचा. ओटीवर पाच-सहा बायका जमल्या. मी पहिलं गाणं वाचून दाखवलं, त्यांच्या बोलीत, न अडखळता. मला वाटलं होतं, त्या खूश होतील.

"चूक लिवलंस," पलीकडच्या गावाहून सून म्हणून आलेली एक म्हातारी म्हणाली. "आमचेत असा नाय."

"तुमचेत नसंल," दुसरी म्हणाली. "पन हिनं लिवलेला पन चूकच हाय. दुसरी ओल वेगली हाय."

त्यांची चांगलीच जुंपली. एकीनं आपली चाल म्हणून दाखवली, दुसरीनं तिला मध्येच तोडून आपली. आत्या भिंतीला टेकून तोंडाला पदर लावून हसत होती. मी तिला विचारलं, "आत्या, तू सांग, कंचा बरोबर?" तिनं नुसता हात हलवला, मला गप्प बसवायला, कारण तिला ऐकायचं होतं. मी पुस्तिका मिटून खाली ठेवली. पर्समधलं पेन काढावं की नको, हे ठरवता ठरवता तिसरी बाईही म्हणायला लागली.