ताऱ्याभोवतीचा राडारोडा

मला बघायला कवठे येमाईहून जीप भरून माणसं आली, तेव्हा दौंडच्या रेल्वे कॉलनीत लोडशेडिंग चालू होतं. कांदेपोहे अंधारातच उरकले. मुलाच्या मामांनी रीतीप्रमाणे विचारलं, "पोरीचं नक्षत्र कोणचं?"

"हस्त," आमचे आप्पा म्हणाले.

इतका वेळ खाली मान घालून बसलेला मुलगा ताडकन उठला. रांजणगावच्या कंपनीत मशिनवर असलेला हा माणूस आकाशवेडा निघाला. "वरच हाय की आत्ता! चला, दाखवतो." दोन्हीकडची झाडून सगळी माणसं चहाचे कप घेऊन अंगणात. मी ट्रे घेऊन मागे.

हस्ताच्या पंजाशेजारचा एक बारीक तारा त्यानं दाखवला. म्हणाला, "ह्यो आता उताराला लागलाय, हळूहळू फुगत जाणार. आन् भोवती सगळा राडारोडा हाय, दगड, धूळ. ग्रह बांधून उरलेला."

"पोरगी फुगंल म्हणतोय का ह्यो?" माझी आत्या फणकारली.

आप्पा मात्र गंभीर झाले. ते रेल्वेत मुकादम; सगळा जन्म रुळाखाली खडी भरण्यात गेलेला.

"किती वॅगन असंल?"

"वॅगनीत न्हाई मोजता यायचं, आप्पा."

"आन् अजून उचलला न्हाई? कोण बघतं तिथलं काम?"

मुलानं प्रामाणिकपणे विचार केला. "कुणीच न्हाई."

आप्पांचा पारा चढला. काम झाल्यावर राडारोडा तसाच टाकून जाणं त्यांना खपत नसे. गेल्याच आठवड्यात ते गुपचूप मुलाचं नवं घर बघून आले होते, तेही रागाच्या भरात ओकले. "तुमच्या दारातबी विटांचा ढीग तसाच पडलाय! त्यो उचलल्याबिगर पोरगी देणार न्हाई."

"तुमी कवा बघितलं आमचं दार?" मामा पेटले आणि ड्रायव्हरला हाका मारायला लागले.

मला तो माणूस फार आवडला होता. एवढ्या भांडणातही तो वर बोट करून आत्याला विचारत होता, "दिसला का नीट?"

"आप्पा, त्यो ढीग मी उचलते," मी म्हणाले. "पाटी-फावडं घेऊनच जाते सासरी."

मला बघायला आलेल्या माणसांनी त्या संध्याकाळी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. त्यानंही. बोट तेवढं अजून वरच होतं.