मॉनिटर भिंतीकडे फिरवणाऱ्या सिस्टर

आयसीयूमधल्या त्या सिस्टरना सगळे ‘इंजिन’ म्हणतात. ठेंगणी मूर्ती, भरभर चाल. त्यांची चाहूल लागली की वॉर्डबॉयही सरळ उभे राहतात. एकोणीस वर्षं उभ्याने काढलीत त्यांनी तिथे. पायांवरच्या फुगलेल्या शिरांना त्या ‘माझं सर्व्हिस बुक’ म्हणतात.

माझ्या बाबांना तिथे हलवलं, त्याच्या पाचव्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, “आजचा दिवस, फार तर उद्याचा.” माझी नऊ वर्षांची लेक ‘मला आजोबांना भेटायचंय’ म्हणून हटून बसली होती आणि मी नको म्हणत होते. त्या नळ्या बघून ती हबकली तर? जन्मभर तेच डोळ्यांपुढे राहिलं तर?

दादा आणि मी बाबांच्या दोन्ही बाजूंना मॉनिटरकडे डोळे लावून बसलो होतो.

“ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशी! मघाशी पंच्याऐंशी होतं,” दादा म्हणाला.

तेवढ्यात सिस्टर आल्या आणि त्यांनी मॉनिटर सरळ भिंतीकडे फिरवला.

“अहो, हे काय करताय?” दादा उसळला.

“तुम्ही मॅच बघायला आलात की वडिलांना? आकडे मला माझ्या टेबलावरच्या स्क्रीनवर दिसतात. ते मी बघते. तुम्ही यांच्याकडे बघा.”

दादाने खुर्ची बाबांकडे वळवली. मीही. तासाभरात मी बाबांच्या चेहऱ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

मग मी लेकीचं विचारलं. आणा किंवा आणू नका, असं काहीच त्या म्हणाल्या नाहीत.

“तिला कशाची भीती वाटते आणि तुम्हाला कशाची, ते वेगवेगळं सांगा बघू.”

सांगायला लागले, तर सगळी भीती माझीच निघाली.

“मग तिचं तिलाच विचारू या,” त्या म्हणाल्या.

दुपारी लेक आली. सिस्टर दाराबाहेरच्या बाकावर तिच्याशेजारी टेकल्या.

“आजोबांच्या तोंडात नळी आहे, ती श्वासासाठी. फुस्स फुस्स आवाज येतो, तो मशीनचा. उजवा हात मी मोकळा ठेवलाय, तो धरता येईल. आत यायचं की इथूनच टाटा करायचा, ते तू ठरव. आत आल्यावरही कधीही बाहेर पळता येतं.”

“ते मरणार आहेत का?”

मी घाईने पुढे झाले. सिस्टरनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

“हो,” त्या तिला म्हणाल्या. “आज किंवा उद्या.”

लेकीने जरा विचार केला. “मग आत येते.”

आत तिने हळूच आजोबांचा हात धरला. “किती गार आहे! त्यांना ऐकू येतं?”

“येत असेल असं धरूनच आम्ही बोलतो. म्हणून तर तुझ्या मामाला सांगितलंय, भांडायचं असेल तर बाहेर.”

लेक खुदकन हसली. मग तिने सायकल शिकल्याचं सांगितलं, दोनदा पडल्याचंही. थोडं रडली आणि आपणहून उठली. “आई, तू बस आता. मी सिस्टरबरोबर बाहेर थांबते.”

बाबा संध्याकाळी गेले. दादा आणि मी जवळच होतो.

त्याला तीन आठवडे झाले. आजोबांचा हात किती गार होता, हे लेक भेटेल त्याला सांगते. मध्येच रडतेही. पण घाबरत नाही. घाबरण्याचं खातं अजून माझ्याकडेच आहे.