इंजिनावरचे आकडे मी ठोकलेत

धाकट्या साहेबांनी इतक्या वर्षांत एकदा विचारलं नव्हतं की म्हातारा आहे की गेला. त्या दिवशी मात्र स्वतः फोन केला. "काका, पुण्याहून एक माणूस येतोय, इंजिन चेक करायला. तुम्ही याच. आपके बिना कौन बताएगा?"

मी लगेच हो म्हटलं. बायको म्हणाली, "अहो, जाऊ नका. ते गरजेपुरतं काका म्हणतात." मी धुतलेला बुशशर्ट घातला आणि दौलतगंजातून टेंपो पकडला.

इंजिन कुठलं ते सांगतो. धाकट्यांच्या आजोबांकडे, म्हणजे थोरल्या साहेबांकडे, एक विलायती रेसची गाडी होती. सहा सिलिंडर, तीन कार्बोरेटर. ग्वाल्हेरात तशी दुसरी मी पाहिली नाही. आमचे पूर्वज त्यांच्या पूर्वजांच्या घोड्यामागे दख्खनेतून इकडे आले. मी त्यांच्या गाडीखाली तीस वर्षं उताणा पडून राहिलो. घराण्याची प्रगती म्हणायची ती एवढीच.

शाळा माझी चौथीपर्यंत. पण ते इंजिन मी चार वेळा पूर्ण खोललं आणि चारही वेळा जोडलं. एक वॉशर कधी हातात उरला नाही. शेवटच्या वेळी इंजिन कामासाठी बाहेर काढलं होतं आणि तेवढ्यात थोरले साहेब गेले. त्यांच्या मुलाने जागा अडते म्हणून बाकीची गाडी तशीच विकून टाकली. इंजिन गॅरेजात लाकडी घोडीवर, ताडपत्रीखाली पडून राहिलं.

ती गाडी हिंडत फिरत पुण्याला एका शौकिनाकडे पोचली. आता त्याला तिचं जन्माचं इंजिन हवं होतं. गाडीच्या पाटीवर इंजिनाचा नंबर असतो आणि इंजिनाच्या अंगावर कारखान्यात तोच ठोकलेला असतो. दोन्ही जुळले आणि दोन्ही खरे निघाले, तर सौदा. ते पाहायला त्याने आपला तपासणारा पाठवला होता.

मला पैसे नको होते, कुणी देऊही केले नव्हते. त्या इंजिनाबद्दल शेवटचा शब्द माझा असावा, एवढंच मला हवं होतं.

पुण्याचा माणूस असेल पस्तिशीचा. हातात रबरी मोजे, छोटी बॅटरी, भिंग. मला बघून म्हणाला, "आजोबा, तुम्ही जरा तिकडे खुर्चीत बसता का?"

"आजोबा असेन तर या इंजिनाचा. मी इथेच उभा राहीन."

तो हसला. "मराठी गोड आहे हो तुमची. जरा हिंदी वळणाची."

"दोनशे वर्षं झाली आम्हाला इथे. तुम्ही दोन महिने राहा, तुमचीही होईल."

मग त्याने काम सुरू केलं. काम त्याला येत होतं, खोटं कशाला बोलू. ब्लॉकवरच्या ओतीव खुणा त्याने बघितल्या, कार्बोरेटर बघितले. मी म्हटलं, तिसऱ्या सिलिंडरची स्लीव्ह, आतली नळी, बदललेली आहे, वरच्या कडेला केसाएवढी रेघ दिसेल. त्याने बॅटरी मारली. "आहे." मी म्हटलं, मागच्या बाजूचा खालचा बोल्ट कंपनीचा नाही, मी लेथवर काढलेला आहे, त्याचं डोकं जरा जाड आहे. त्याने बोटाने चाचपलं. "बरोबर." दर वेळी वहीत लिहून घेत होता. धाकटे दाराशी उभे राहून ऐकत होते, आणि खरं सांगायचं तर ते ऐकतायत म्हणूनच मी जरा मोठ्याने बोलत होतो.

शेवटी तो नंबरावर आला. भिंग लावून बराच वेळ वाकून राहिला. मग म्हणाला, "आकडे फारच साफ आहेत हो. इतक्या वर्षांत कडा जराही झिजल्या नाहीत?"

धाकटे पुढे झाले. "हमारे यहाँ चीज़ें सँभालकर रखते हैं. घराण्याची पद्धतच आहे आमच्या."

हे मला सोसलं नाही. त्याच सकाळी, पुण्याचा माणूस यायच्या आधी, मी कार्बोरेटरच्या तोंडातून उंदराचं घरटं उपसून काढलं होतं.

"सांभाळलंय कुणी?" मी म्हटलं. "ते आकडे मी ठोकलेत."

मला वाटलं, आता विचारतील कसे ठोकले, म्हणून मीच सांगायला लागलो.

त्या घरी खंडेनवमीला शस्त्रपूजा मोठी. तलवारी, बंदुका ओळीने मांडायच्या आणि गाडीही आणून उभी करायची. थोरले साहेब म्हणत, आता आपला घोडा हाच. बॉनेट उघडून कुंकू लावायचं ते इंजिनाच्या नंबराला, कारण नंबर म्हणजे इंजिनाचं कपाळ. पूजेआधी ती जागा रेगमालाने, म्हणजे काचकागदाने, घासून चांदीसारखी करायची, हे काम माझं. दर वर्षी घासायचो. घासता घासता आकडे उथळ झाले. एका वर्षी आदल्या दिवशी कुंकू लावून पाहिलं, तर ते आकड्यांत बसेचना, नुसतं पसरलं. थोरले साहेब म्हणाले, "कपाळच पुसलंस की रे. पूजा उद्याची आहे, आज नीट कर." मी दौलतगंजातून आकड्यांचे ठप्पे आणले. कानशीने जागा सपाट केली, पट्टी धरली आणि तोच नंबर, आकड्याला आकडा, एका रेषेत ठोकला. दुसऱ्या दिवशी थोरल्या साहेबांनी चार पाहुण्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवला होता.

पुण्याच्या माणसाने बॅटरी बंद केली.

"काका, या जागेवर कारखान्यातल्या मशीनच्या बारीक रेघा असतात. त्या असल्या तरच नंबर कारखान्यातला. मी त्याच शोधत होतो. म्हटलं, तेलाच्या थराखाली असतील, पुसून बघू. आता पुसायची गरज राहिली नाही."

"पण नंबर तोच आहे!"

"असेल. पण तो नंबर कुणीही कुठल्याही इंजिनावर ठोकू शकतो. एकाच नंबरची दोन इंजिनं मी पाहिलीत. दोन्हीचे मालक शपथ घ्यायला तयार होते."

"स्लीव्ह मी सांगितली, बोल्ट सांगितला, ते?"

"त्यावरून तुम्ही या इंजिनाला ओळखता एवढं कळतं. ते त्याच गाडीतून निघालं, हे नाही कळत."

तो हे सगळं मऊ आवाजात बोलला. ओरडला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

ओरडले धाकटे. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"तुमच्या आजोबांनी."

"दादाजी ऐसा बोल ही नहीं सकते. चौथी शिकलेल्या माणसाच्या हातात इंजिन दिलं, हीच चूक." मग जवळ येऊन, दात आवळून, "और किया तो किया, बोलने की क्या ज़रूरत थी?"

खरंच, मला विचारलं कुणीच नव्हतं.

पुण्याच्या माणसाने समजूत घातली. म्हणाला, मी तुमचं म्हणणं लिहून घेतो, तुम्ही सही करा. मालकाला मान्य झालं तर 'याच जातीचं इंजिन' म्हणून तरी घेतील. त्याने वहीत लिहून वाचून दाखवलं. "नंबर या मिस्त्रींनी पुन्हा ठोकला आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पूर्वीचा नंबर हाच होता. मात्र याला आधार नाही."

"शेवटचं काढा," मी म्हटलं. "आधार मी आहे. समोर उभा आहे."

"ते नाही जमणार, काका."

"मग सही नाही जमणार."

"काका, सही करो यार," धाकटे म्हणाले. त्या घरात आजवर मला शिव्या मिळाल्या होत्या, यार कुणी म्हटलं नव्हतं. मी पेन टोपण लावून इंजिनावर ठेवलं आणि बाहेर पडलो.

सौदा मोडला. धाकटे आता सांगत फिरतात की आमचा जुना मिस्त्री नंबर बदलायचा. दर्पण कॉलनीतले एक वकील त्यांची जुनी जीप माझ्याचकडे आणायचे. परवा ते हसत हसत म्हणाले, "मिस्त्रीजी, मेरा नंबर तो वही है न?" मी जीपची चावी त्यांच्या हातात परत दिली. ज्यांच्या शब्दावर मी कानस उचलली, त्यांच्या तसबिरीला बंगल्यात रोज हार पडतो.

पुढे कळलं, इथेच गावात हरिशंकरपुरममध्ये नवीन हॉटेल उघडलंय, त्यांनी ते इंजिन शोभेसाठी उचललं. न जाण्याची जिद्द मी महिनाभर टिकवली, मग गेलो. दारातच काचेचं टेबल, आणि टेबलाचा पाय म्हणून इंजिन. सगळ्या अंगाला लाल रंग फासलेला, आकड्यांवरसुद्धा. वाकलो तर जाड डोक्याचा बोल्ट दिसला.

वेटर आला. "बाबा, कितने लोग?"

"ये इंजन असली है," मी त्याला म्हटलं.

"हाँ बाबा, सब असली है," तो म्हणाला आणि मागच्या कुटुंबाला वाट करून द्यायला मला जरा बाजूला व्हायला सांगितलं.