पेनबुईने नाव कोरलं नाही

पेनबुई दगडाचे भुंगेरे कोरायचा. शेणाचा गोळा ढकलणारा साधा किडा. पण त्या गोळ्यातून नवे जीव निघतात, सूर्यही तसाच रोज नव्याने वर येतो, म्हणून आमच्याकडे मेलेल्याच्या छातीवर हा भुंगेरा ठेवतात. दगड कोवळ्या पिकासारखा हिरवा. मेल्यावर देव माणसाचं हृदय तराजूत तोलून त्याची पापं तपासतात, म्हणून पोटावर आधी धन्याचं नाव, मग मंत्र: ‘माझ्या हृदया, तराजूपाशी माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस.’ नाव नसेल तर तो नुसता दगड.

मी त्याच्या बहिणीचा नवरा. शेजारी बसून ओल्या वाळूने दगड घासायचो, त्यामुळे त्याचा राग मला जवळून ठाऊक होता. त्याचा धाकटा भाऊ इपी डोंगरात थडगी खोदायचा. छताला भेग गेलीय, हे त्याने मुकादम हातियायला दोनदा सांगितलं. हातियायने त्यालाच आत धाडलं. छत कोसळलं. लेखनिकांपुढच्या चौकशीत हातियाय शपथेवर म्हणाला, इपी जवाची दारू पिऊन आला होता, खांबाला धडकला. आम्ही इपीला चटईत गुंडाळून पुरलं.

सात वर्षांनी हातियायने जिवंतपणीच स्वतःसाठी करायला दिलेल्या भुंगेऱ्याचा दगड पेनबुईपुढे आला. काम नाकारायची सोय नव्हती. तो दात आवळून कोरत राहिला. पाय पोटाशी घेतलेले, पंखांमधली रेघ केसासारखी बारीक. मी चिडून विचारलं, त्या नालायकासाठी इतकं देखणं कशाला करतोस?

“किड्याने माझं काय वाईट केलंय?” तो म्हणाला.

हातियाय स्वतः बघायला आला. दगड उलटा करून त्याने विचारलं, “नाव कुठाय?”

“आधी सांगा मुकादम, इपी त्या दिवशी प्यायला होता का?”

“मेलेल्याला कशाला उकरतोस?”

“लेखनिकांसमोर तुम्ही खोटं बोललात. आता तुमच्या काळजाने तिकडे गप्प बसावं, म्हणून माझ्याच हातून कोरून घेताय? खरं बोला, आत्ता नाव घालतो. नाहीतर नाही.”

हातियाय दगड उचलून चालता झाला. दुसऱ्या दिवशी पेनबुईची छिन्नी काढून घेतली आणि त्याला नदीवरून गाढवावर पाणी वाहायला लावलं. दगड मग वस्तीभर फिरला. एक कारागीर म्हणाला डोळे आलेत, दुसरा म्हणाला हात सुजलाय. कुणी हात लावेना. शेवटी हातियायच्या कारकुनाने शाईने नाव लिहिलं.

पुढच्या पुराच्या दिवसांत हातियाय तापाने गेला. पेनबुईला बरं वाटेल म्हणून मी धावत घाटावर सांगायला गेलो. त्याने ऐकलं आणि पाण्याचा घडा इतक्या जोरात टेकवला की तो तडकला.

“कबूल न करताच मेला हरामखोर,” एवढंच बोलून तो दुसरा घडा भरायला पाण्यात उतरला.