परमुलखातली पाचवी

जर्मनीला निघताना आमच्या सौभाग्यवतींच्या पिशवीत हळद-कुंकू, तांदूळ आणि सुक्या बोंबलांची पुडी होती. बोंबील मी पळसदरीला घरीच काढून ठेवायला लावले. हळद-कुंकवापुढे माझं काही चाललं नाही. मी शाळामास्तर, देवाधर्माशी माझं फारसं जमत नाही. तिचं त्यावाचून पान हलत नाही. आमचा संसार असाच चाललाय.

आमचा प्रकाश जर्मनीत इंजिनिअर. सुनेच्या बाळंतपणाला निघालो होतो, पण नातवाला आमच्याहून घाई. आम्ही पोचलो त्याच दिवशी, दिवस भरायच्या कितीतरी आधी, तो जन्मला. मूठभर जीव, दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेला. जगेल की नाही, डॉक्टर सांगेनात.

पाचव्या दिवशी ही म्हणाली, "आज पाचवी हाय. सटवाईचं कसं करायचं?" (त्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहिते. तिच्यासाठी पाटा पुजून कोरा कागद आणि लेखणी ठेवतात.) दवाखान्यात कुंकू न्यायला नर्सने सक्त मनाई केली होती. हिचा चेहरा मला बघवेना, म्हणून तिला शहरातलं जुनं चर्च बघायला घेऊन गेलो.

काय ते चर्च! कळस बघताना माझी टोपी मागे पडली. हिने दारातच वहाणा काढल्या. आत उंच दगडी खांब वर जाऊन एकमेकांना टेकलेले, रंगीत काचांमधून फरशीवर निळं-तांबडं ऊन पडलेलं. दाराशी दगडी कुंडात पाणी होतं. तीर्थ समजून हिने घोटभर घेतलं आणि मलाही पाजलं. एक म्हातारी आमच्याकडे बघतच राहिली.

एका कोपऱ्यात बाळ घेतलेल्या मरियमची मूर्ती होती. ही तिथेच बसली. फरशीला हळद-कुंकू वाहिलं, तांदूळ ठेवले.

"अगं, ही त्यांची देवी," मी कुजबुजलो.

"जिच्या मांडीवर पोर हाय, तिला पोराचं सांगितलं तर काय बिघडलं? तुमचा पेन द्या."

पेन आणि कोरा कागद मूर्तीच्या पायाशी गेले. तेवढ्यात चर्चचा रखवालदार आला. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, की रात्री एक देवी आमच्या बाळाचं नशीब लिहायला येणार आहे. आयुष्यात पहिल्यांदा सटवाईची वकिली करत होतो! त्याने हिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बाळ कुठे आहे?" मी म्हटलं, दवाखान्यात. कागद उडू नये म्हणून त्याने वर मेणबत्तीची बैठक ठेवली आणि निघून गेला.

सकाळी जाऊन बघितलं.

"कागद कोराच की गं," मी चिडवलं.

"ती कपाळावर लिवती. कागद मानाचा असतो. येवढे शिकलेले तुमी!"

बाळाने बाळसं धरलं. डॉक्टर पेटीचे गुण गात होते, ही देवीचे. निघायच्या आदल्या दिवशी नातू मांडीवर घेतला तेव्हा मला रडू आवरेना. मी कोणाचेच गुण गायले नाहीत.

पळसदरीला उतरलो. शेजारच्या यमुनाकाकूंनी विचारलं, "नातू कसा हाय गं?"

"ब्येस हाय," ही म्हणाली.

घरात आल्यावर मात्र पिशवी न सोडताच बसून राहिली.

"अवो, त्याचं नशीब तिथल्या देवीनं लिवलं. मंग त्याचं दाणापाणीबी तिथंच लिवलं असंल ना?"

सटवाई म्हणजे थोतांड, असं मी जन्मभर वर्गात सांगत आलो. ते खरोखरच थोतांड असावं, असं इतकं मनापासून मला कधी वाटलं नव्हतं.