तीन नंबर बरॅकीतली चुगली

दौंडच्या एसआरपी कॅम्पासमोर अक्रम शेखांचं शिलाईचं दुकान होतं. दुसऱ्यांच्या अंगावरची खाकी शिवण्यात त्यांची हयात गेली. आपल्या घरातल्याही कुणीतरी ती घालावी, असं त्यांना फार वाटायचं. थोरला मुलगा शाळा सोडून रेल्वेच्या कँटीनला लागला, तेव्हा त्यांचा सगळा जीव धाकट्या सुमैयावर आला. शिरूर तालुक्यात मुलींची सैनिकी शाळा निघाल्याचं कानावर येताच त्यांनी सातवीलाच तिचं नाव तिथं घातलं. तिची आई शहजादी आठवडाभर रडली. सुमैया मात्र पहिल्याच महिन्यात रुळली. बिगुल वाजला की उठायचं, चादरीला एक सुरकुती न ठेवता पलंग लावायचा, बुटात तोंड दिसेपर्यंत पॉलिश घासायचं, सगळं तिला आवडायचं.

तीन नंबर बरॅकीत तिचा पलंग रश्मीच्या शेजारी होता. रश्मी वडगाव रासाईची. तिची आई करुणा गावात अंगणवाडी चालवायची आणि भेटीच्या प्रत्येक रविवारी न चुकता यायची. येताना धपाटी, शेंगदाण्याची चटणी, आणि त्यात सुमैयाचा वाटा वेगळा बांधलेला. दोघी पोरी एका ताटात खायच्या. बरॅकीत त्यांना 'बैलजोडी' म्हणत.

नव्याण्णव सालच्या हिवाळ्यात, नववीत असताना, त्या बरॅकीला संशयाची कीड लागली.

सुरुवात ट्रान्झिस्टरपासून झाली. बरॅकीची कॅप्टन वैजयंता, दहावीतली, उंच, करारी. क्रिकेटची कॉमेंटरी ऐकायला तिनं पेटीच्या तळाशी छोटा ट्रान्झिस्टर दडवला होता. रेक्टर गिताबाई थिटे एका सोमवारी आल्या, इकडंतिकडं न बघता सरळ त्याच पेटीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "उघड." मग लांबच्या दौडीत पंपहाऊसमागून आडवाट काढायचं पोरींनी ठरवलं, तर तिथं गिताबाई आधीच शाल लपेटून उभ्या. आतलंच कुणीतरी बाहेर पोचवतंय, हे आता सगळ्यांना कळलं. रात्रीच्या गप्पा बंद झाल्या. कुणी बाथरूमला गेली तरी चार डोळे तिच्या पाठीवर असायचे.

त्यातच रमजान आला. सुमैया रोजे धरायची. पहाटे मेस बंद, म्हणून गिताबाईंनी तिची सहेरीची सोय स्वतःच्या खोलीत केली. स्टोव्हवर दोन भाकरी, वाटीभर दूध, बाई स्वतः समोर बसायच्या. संध्याकाळी रोजा सोडायलाही तिथंच. बाई मुळात कमी बोलणाऱ्या. "खा पोटभर, दिवसभर ड्रिल आहे," यापलीकडं त्या काही बोलत नसत. पण बंद दाराआड काय चालतं ते बरॅकीला कसं दिसणार?

खरा स्फोट वैजयंताच्या पायावरून झाला. सव्वीस जानेवारीला शिरूरच्या मैदानावर शाळेच्या प्लाटूनचं संचलन होतं आणि ते वैजयंता चालवणार होती. तिची नडगी महिनाभर ठणकत होती. कुणाला कळू नये म्हणून ती रात्री मोज्याखाली पट्टी बांधायची. बरॅकीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं, पण सगळ्या गप्प होत्या. एका सोमवारी गिताबाईंनी तिला फॉल-इनच्या रांगेतून बाहेर काढलं आणि जीपमध्ये घालून शिरूरला डॉक्टरकडं नेलं. हाडाला चीर निघाली. वैजयंता प्लास्टर घालून परत आली आणि प्लाटूनची कमांड दिली गेली सुमैयाला.

आता आणखी पुरावा कशाला हवा होता?

त्या दिवसापासून सुमैयाशी कुणी बोलेना. ती आत आली की बोलणी तुटायची. पॉलिशची डबी गायब व्हायची, बेल्टचं बक्कल वाकलेलं निघायचं. मैदानावर तिनं "तेज चल" म्हटलं की मागच्या दोन ओळी मुद्दाम पाऊल चुकवायच्या. ड्रिलमास्तर सोपानराव ओरडायचे, "शेख, प्लाटून तुझी हाय का शेळ्यांचा कळप?" तोंडात पाण्याचा थेंब नाही, घसा कोरडा, तरी ती पुन्हा हुकूम द्यायची.

हे सगळं तिनं सोसलं असतं. पण एका दुपारी रश्मीनं तिला हौदापाशी गाठलं आणि खाली बघत विचारलं, "सुमे, खरं सांग. बाईंपाशी तू चुकून काही बोलली नाहीस ना?"

"तूसुद्धा?" सुमैया म्हणाली. रश्मी बादली उचलून निघून गेली.

मग सुमैयालाच स्वतःचा भरवसा वाटेना. पहाटेच्या झोपेत आपण काही बरळलो का? ती एकेक सहेरी आठवून बघायची. नाही, काहीच नाही. म्हणजे दुसरं कुणीतरी आहे. ती आता सगळ्यांकडं तशाच नजरेनं बघायला लागली, जशा नजरेनं त्या तिच्याकडं बघत होत्या. झाडलोट करणाऱ्या सारजाबाई पलंगाखाली एवढा वेळ काय करतात? आणि रश्मी? आपल्याला विचारताना तिनं मान वर का केली नाही?

तिनं दोन खोट्या गोष्टी पेरल्या. सारजाबाईंना सांगितलं, की पोरींनी टाकीमागं चोरून बोरं साठवलीत. दोन दिवस गेले, टाकीमागं कुणी फिरकलंही नाही. रश्मीला एकटीला गाठून ती म्हणाली, "मला सहन होत नाही. सोमवारी मी दौंडला पळून जाणार. कुणाला सांगू नको." रश्मी रडली, तिचा हात धरून म्हणाली, "नाही सांगत."

पुढचा रविवार भेटीचा होता. अक्रमभाई खजूर घेऊन आले. फाटकाशेजारच्या लिंबाखाली ते उभे होते, पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. सुमैया जवळ येताच त्यांनी तिचे दोन्ही खांदे धरले.

"बेटा, तू पळून जाणार हाय?"

"अब्बा, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्या रश्मीच्या आईनं. आत्ताच भेटल्या. म्हणल्या, 'भाऊ, पोरीवर रागवू नका, पण ध्यान ठेवा. मी रेक्टरबाईंच्या बी कानावर घातलंय. त्या पाय दुखणाऱ्या पोरीचं मीच सांगितलं, म्हणून तिचा पाय वाचला.'" अक्रमभाईंचे डोळे भरून आले. "काय झालंय तुला इथं? आपण घरी जाऊ. नको आपल्याला ही खाकी."

सुमैयानं त्यांची समजूत काढली. खोटं बोलले, गंमत होती, असं काहीबाही सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. बसमध्ये चढतानाही ते मागं वळून बघत होते. रश्मीला पकडायला लावलेल्या सापळ्यात आपला बापच सापडला, याची तिला इतकी लाज वाटली, की त्या संध्याकाळी रोजा सोडताना, आपण कुठंही पळणार नाही, असं तिनं गिताबाईंना आपणहून सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी तिनं रश्मीला कपडे धुण्याच्या दगडापाशी गाठलं. "ट्रान्झिस्टर, पंपहाऊस, वैजयंताचा पाय. सगळं तू सांगितलंस."

रश्मी हादरली. "मी बाईंशी एक शब्द बोलले नाही. आईची शपथ."

"आईशी बोललीस ना?"

रश्मीच्या हातातला शर्ट तसाच राहिला. मग ती रडत रडत म्हणाली, "आईला नाही सांगायचं तर कुणाला सांगायचं? ती पुढं काय करते ते मला काय माहीत?"

"बरॅकीत मी नाही सांगणार. तू सांग," एवढंच सुमैया म्हणाली.

रश्मीनं सांगितलं नाही. आज सांगेल, उद्या सांगेल, म्हणून सुमैया वाट बघत राहिली. शेजारच्या पलंगावर रश्मी पांघरुणात तोंड खुपसून पडायची. ईद झाली. तालमीत पावलं चुकतच राहिली.

सव्वीस जानेवारीला थोडे दिवस उरले असताना, मधल्याच वारी, मैदानाच्या कडेनं करुणाबाई चालत आल्या. भेटीचा दिवस नव्हता. तालीम संपून पोरी बुटांच्या नाड्या सोडत बसल्या होत्या, वैजयंता प्लास्टरचा पाय पुढं घेऊन खुर्चीवर होती. रश्मीनंच आईला निरोप धाडून बोलावलं होतं, हे सुमैयानं ओळखलं. त्या सोपानरावांना म्हणाल्या, "मास्तर, जरा थांबा," आणि पोरींसमोर उभ्या राहिल्या.

"त्या शेखाच्या पोरीला कशापायी छळता? बाईंना सांगणारी मी हाय. माझ्या लेकीनं मला सांगितलं आन् मी बाईंना. रेडिओचं बोलायला नको हुतं, ते चुकलं माझं. पण पायाचं न्हाई चुकलं. हिचा पाय मोडला असता तर तुम्ही समद्या मिळून दिला असता का बसवून?"

रश्मी मान खाली घालून बसली होती. करुणाबाई सुमैयापाशी आल्या, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि परतीची एसटी चुकेल म्हणून तशाच निघून गेल्या.

माफी कुणी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी वैजयंता कुबडी टेकत मैदानावर आली आणि सुमैयाला म्हणाली, "सलामीला तुझं कोपर खाली येतंय. वर घे." त्यानंतर एकही पाऊल चुकलं नाही. शिरूरला संचलन छान झालं. गर्दीत अक्रमभाई होते, शहजादीही पहिल्यांदाच आली होती.

पण बरॅकीतला संशय काही गेला नाही, फक्त त्याचा पलंग बदलला. आता रश्मी आली की बोलणी थांबायची. सुमैया तिच्या ताटात जेवायची, धपाटीही खायची, पण मनातलं तिला पुन्हा कधी सांगू शकली नाही. रश्मीला ते कळत होतं. ती विचारायची नाही.

पुढं रश्मी नर्स झाली. सुमैया पोलीस भरतीत निवडली गेली आणि नाशिककडं नेमणुकीवर गेली. दर रविवारी ती घरी फोन करायची. शहजादी विचारायची, "जेवलीस का? ड्युटी कशी आहे? कुणी त्रास तर देत नाही?"

"बरं आहे, अम्मी. सगळं बरं आहे," सुमैया म्हणायची. कधी ताप असायचा, कधी वरिष्ठाशी खटका उडालेला असायचा. बोललेलं कुठून कुठं जाईल, याचा हिशेब जीभ उचलण्याआधीच मनात सुरू व्हायचा.

फोन ठेवून शहजादी नवऱ्याकडं बघायची. "पोरगी काही सांगतच नाही हो," ती म्हणायची. "आधी अशी नव्हती."