करड्या मातीशी घासाघीस

मला शेतीची हौस कधीच नव्हती. मला मेहुण्याचं तोंड बंद करायचं होतं. खांद्यावर दोरखंड टाकून दारोदार विकता विकता मी बुधवार पेठेत स्वतःचं दुकान थाटलं, तरी वारज्याच्या सासुरवाडीत माझी किंमत सुतळीच्या तोड्याएवढीच. एका लग्नात, भर पंगतीत मेहुणा म्हणाला, "दाजींना नीट वाढा. त्यांच्याकडं पिकतं काय, दोऱ्या!" पंगत हसली. मी पानावरून उठलो. पुरणपोळ्या नुकत्याच वाढायला घेतल्या होत्या, हे दुःख वेगळंच.

दुसऱ्या दिवशी मी कोथरूडच्या पाटलांकडे गेलो. गावची पड जमीन ते कौलावर, म्हणजे सवलतीच्या कराराने, देत. सारा हलका ठेवायचे, पण जमीन त्याच वर्षी पेरली पाहिजे. नाही पेरली तर ती परत गावाकडे. त्यांनी मला ओढ्याकाठचं करडं रान दाखवलं. ऐन उन्हाळा. भेगा एवढ्या, की माझी काठी एका भेगेत गेली आणि मुठीसकट दिसेनाशी झाली. मला आनंद झाला. मालात खोट दिसली की माझी जीभ सुटते.

"पाटील, ही जमीन की फुटकं मडकं? इथे माझी गाय अडकली तर?"

"तुमच्याकडं गाय हाय?"

"घेईन की!"

सारा मी आणखी उतरवून घेतला. पाटलांनी हुज्जत घातली नाही. जन्म बाजारात गेलेल्या माणसाला इथेच संशय यायला हवा होता. मला वाटलं, आपल्या जिभेला धार आहे. उठताना ते एवढंच म्हणाले, "पेरा मातुर. न्हाय पेरली तर तुमचे वारज्याचे मेव्हणे मागून बसल्यात."

झालं. ती जमीन म्हणजे आता माझं नाक.

पाऊस लागला तशा भेगा मिटल्या आणि रान फुगलं. पाणी आत मुरेना, वरच तुंबून राहिलं. ओढ्याच्या अंगाला चर खणून वाट करून दिली, तेव्हा कुठे हललं. पाऊल टाकावं तर जोडा मागे आणि मी पुढे. शिव्या मी जोड्याला दिल्या, कारण माती ऐकत नव्हती.

पाऊस ओसरला तरी गावातले बैल दावणीला रवंथ करत उभे होते. दुकानदाराच्या नजरेला तो पडून राहिलेला माल. अशा वेळी भाव पडतो. मी नांगरवाल्याला गाठलं. तो रानात आला, मूठभर माती दाबून त्याने खाली टाकली. तिचा लाडू तसाच राहिला.

"शेटजी, वाफसा न्हाय अजून. ह्यो लाडू पडल्यावर फुटाया पायजे. चार दिस कळ काढा."

"म्हणजे चार दिवसांनी सगळा गाव नांगर मागेल आणि तू भाडं चढवशील."

"चढवीन की. पर तवा नांगरट व्हईल."

"एवढा छान लाडू वळतोय, याहून मऊ माती ती कुठली?"

"लाडू खायचा हाय का पेरायचा?"

मी भडकलो. आत्ता जुंपतोस की दुसरा बघू, म्हणून ओरडलो. भाडं निम्म्यावर आणलं. त्याने कपाळाला हात लावला आणि नांगर जुंपला.

नांगराचं पहिलं तास पडलं आणि मी खूश. ओली माती फाळावरून तुकतुकीत सुटत होती, खरवसाच्या वड्यांसारखी. बैल रुतत होते, फाळ सारखा खरवडावा लागत होता. मला ते नांगरवाल्याचे नखरे वाटले. घरी येऊन बायकोला म्हणालो, "तुझ्या भावाला सांग, अशी नांगरट त्याच्या बापाने पाहिली नसेल."

"त्याचा बाप तो माझाही बाप," ती म्हणाली. "आणि तुमचे सासरे. बसा जेवायला."

मग ऊन पडलं आणि वड्यांच्या विटा झाल्या. मोगरीने ठोकल्या तर मोगरीच उडून कपाळावर आली. पाणी शिंपडलं तर वर चिखल, आत दगड. पेरणीची पाभर ढेकळांवरून टणाटण वाजत गेली आणि बियाणं पाखरांनी खाल्लं. शेजाऱ्यांनी वाफसा येऊ दिला होता. त्यांचीही माती करडीच, पाऊसही तोच, पण त्यांचा हरभरा हिरवागार उभा.

पाटील बांधावर येऊन थांबले. "शेटजी, घर बांधताय जनू?"

"मी पेरलंय. उगवलं नाही, त्याला मी काय करू?"

"पाखरास्नी दाना टाकला, त्याला आमी पेरनी म्हनत न्हाय."

जमीन मेहुण्याकडे गेली. इथवर मी गप्प बसलो असतो. पण माझी ती ढेकळं उन्हाळाभर तापली आणि पुढच्या पावसात कळीच्या चुन्यावर पाणी पडावं तशी आपोआप विरून भुसभुशीत झाली. मेहुण्याने नुसता कुळव फिरवला, वाफसा पाहिला आणि पेरलं. थंडीत तो हरभऱ्याचा डहाळा घेऊन माझ्या दुकानात हजर. फळीवर गिऱ्हाईक बसलेलं.

"दाजी, नांगरट फक्कड केली होती तुम्ही. माझं सगळं काम वाचलं."

"मग तिचं भाडं टाक."

"टाकतो की. किती दिलंत?"

मी मनात हिशेब केला. खरा आकडा सांगावा तर इतका कमी, की मागताना लाज वाटावी. फुगवून सांगावा तर तोच नांगरवाला आता मेहुण्याकडे कामाला होता.

"राहू दे," मी म्हणालो. त्या दुकानात हे शब्द माझ्या तोंडून कोणी ऐकले नव्हते.

गिऱ्हाईक लगेच पुढे सरकलं. "शेटजी, मग या दोरीचंही जरा बघा की."